मुक्कामाची जागा

श्रोतेहो, मागच्या महिन्यात बार्शी भागातल्या एका प्राथमिक शिक्षकांचे पत्र आले. दिवाळीच्या सुटीत घरची सात माणसे घेऊन ते सोलापूर पाहावयास येणार आहेत. किल्ला, सिद्धेश्वराचा तलाव, मग अक्कलकोट, तुळजापूर आणि जमले तर विजापूर, असा त्यांचा बेत आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "सर, उतरावयाचे कोठे? फार महाग नको, अगदी गैरसोयीचेही नको. आणि शक्य तर जागा अशी असावी, की जुन्या गावात राहिल्यासारखे वाटावे."

प्रश्न साधा आहे. दोन ओळींत उत्तर देता आले असते. पण इतिहासाच्या माणसाला सरळ उत्तर देण्याची सवय नसते, हे आपण जाणताच. मी ते पत्र टेबलावर ठेवून विचार करू लागलो आणि माझ्या ध्यानात आले, की 'परगावी उतरावयाचे कोठे' हा प्रश्न आपल्या मुलखात निदान दोन हजार वर्षे विचारला जात आहे. त्याची उत्तरेही वेळोवेळी दिली गेली आहेत. तेव्हा आधी ती जुनी उत्तरे पाहू आणि मग गुरुजींच्या पत्राकडे वळू.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, तेथे दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई ऋषभदत्त याने ते कोरविले. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा. त्यात एक मोठा शिलालेख आहे. राजघराण्यातल्या माणसाने स्वतःचे पराक्रम कोरून ठेवावेत यात नवल नाही. पण या लेखात दुसरेही काही आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपल्या वसईजवळचे सोपारे, या चार ठिकाणी आपण चौसोपी निवारे बांधले, असे तो सांगतो. विहिरी, तळी केली. तापी, दमणगंगा, डहाणूकडची नदी अशा कितीतरी नद्यांवर नावेचा उतार फुकट केला. दोन्ही काठांवर बसावयास जागा आणि पिण्याच्या पाण्याची सोय केली.

लेखातला शब्द आहे 'चतुःशाला'. चारी बाजूंनी खोल्या आणि मध्ये मोकळा चौक. भडोच आणि सोपारे ही बंदरे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे त्या काळचे तगर. तेथला माल गाड्यांतून भडोचकडे जात असे, असे एका ग्रीक प्रवासवृत्तात नमूद आहे. म्हणजे आपल्याच बाजूचा कोणी गाडीवान आठवड्यामागून आठवडे चालून अशा एखाद्या चौकात बैल सोडीत असेल, पडशी उशाला घेऊन आडवा होत असेल. त्याला काय हवे होते? सावली, पाणी, बैलांना बांधावयास जागा आणि रात्री डोळा लागला तर सामान जागेवर राहील एवढा भरवसा. गुरुजींच्या सात माणसांना यापेक्षा फारसे निराळे काय हवे आहे?

पुढच्या काळात हीच चौसोपी कल्पना नाना रूपांनी दिसते. मठाची ओवरी, देवळाचा सभामंडप, सुलतानी अमदानीतली सराई, पेशवाईतला वाडा. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 या आपल्या कारकिर्दीत देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. आमच्या सोलापूरच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. पंढरपूरला चंद्रभागेच्या काठचा होळकर वाडा आपण पाहिला असेल. तीर्थाच्या गावी आणखी एक पद्धत होती व काही ठिकाणी अजूनही आहे. पंढरपूरला बडवे-उत्पातांच्या घरी, तुळजापूरला पुजाऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांचे यात्रेकरू उतरावयाचे. वहीत आजोबाचे नाव, खाली बापाचे, खाली नातवाचे. भाड्याचा आकडा ठरलेला नसे. निघताना जी दक्षिणा द्यावयाची ती द्यावयाची.

श्रोतेहो, येथवरची गोष्ट ऐकावयास फार गोड आहे. पण अर्धा इतिहास सांगून थांबणे हे मास्तराला शोभत नाही. या सगळ्या ओवऱ्या, वाडे आणि धर्मशाळा वाटसरूसाठी होत्या हे खरे. पण प्रत्येक वाटसरूसाठी होत्या काय?

1917 सालची गोष्ट आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून आलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्यास उतरला. राहावयाचे कोठे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. हिंदू खाणावळीत जात विचारणार. शेवटी पारशी लोकांच्या एका पथिकाश्रमात, पारशी नाव लावून, तो राहिला. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली दहाबारा माणसे जिन्याने वर आली. संध्याकाळपर्यंत जागा सोड, असे त्यांनी बजावले. शहरात दुसरे कोणी जागा देईना. तो तरुण सार्वजनिक बागेत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परत गेला. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. ज्याने पुढे देशाची राज्यघटना लिहिली, त्याला एका शहरात अकरा दिवसांपलीकडे अंथरूण टाकावयास जागा मिळाली नाही!

आपल्या पंढरपुरातही तेच होते. वारीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्याला विठ्ठलाचे दर्शन नव्हते, तसे डोक्यावर छप्परही नव्हते. पाऊस आषाढाचा, आणि मुक्काम वाळवंटात. संत गाडगे महाराजांनी हे पाहिले आणि लोकांकडून पैसा उभा करून तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधविली. 1949 साली त्यांनी ती वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. धर्मशाळेतून शिक्षणाची वाट निघाली, ती अशी.

कायद्याची पावलेही याच दिशेने पडत होती. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो संमत झाला. अंमल मात्र कागदावरच राहिला. महाडला 1927 साली सत्याग्रह करावा लागला तो त्यामुळेच. 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडले. आणि 26 जानेवारी 1950 पासून घटनेचे पंधरावे कलम स्पष्ट सांगते, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानात, उपाहारगृहात किंवा हॉटेलात मज्जाव करता येणार नाही. घटनाकारांनी 'हॉटेल' हा शब्द मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घातला. बडोद्याची ती संध्याकाळ ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

आता सोलापूरकडे वळू. 1860 साली आगगाडी येथे पोहोचली आणि मुक्कामाचा नकाशाच बदलला. तोवर वाटसरू वेशीतून येत असे. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस ही नावे आजही त्याची साक्ष देतात. आता तो स्टेशनातून येऊ लागला. 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या. सूत घेणारे, चादरी नेणारे, कोर्टकचेरीला आलेले, अशी धर्मासाठी नव्हे तर कामासाठी आलेली माणसे गावात राहू लागली. साहेबासाठी मुसाफिरी बंगला होता, गरिबासाठी धर्मशाळा होती. मधल्या माणसासाठी काय? त्याच्यासाठी 'बोर्डिंग-लॉजिंग' निघाले. खाली खाणावळ, वर खोल्या. मुंबईत याच जातीचे सरदारगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथे उतरत, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. मधल्या माणसाची मुक्कामाची जागा म्हणजे काही हलकी गोष्ट नव्हे, बरे का!

या संदर्भात एका जुन्या कायद्याची आठवण होते. मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांसाठी 1867 साली सराईंचा कायदा झाला. सराईवाल्याने काय करावे, याची त्यात यादी आहे. नाव नोंदवावे, खोल्या, पडव्या, मोऱ्या आणि विहिरी साफ ठेवाव्यात, भिंती-छप्पर दुरुस्त ठेवावे, रखवालदार नेमावा, कोणी साथीच्या रोगाने आजारी पडला तर पोलिसांत कळवावे आणि दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावावे. दीडशे वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन आज कोणत्याही लॉजची परीक्षा करा. पहिल्या पाच मिनिटांत निकाल लागेल.

तर गुरुजी, आता आपल्या पत्राचे उत्तर.

पहिली गोष्ट दिवसाची. सोलापूर केव्हा गजबजते हे आधी पाहा. जानेवारीत मकर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक पाहावयाची असेल तर तेव्हाच यावे, पण खोली फार आधी सांगून ठेवावी. आश्विनात नवरात्र ते कोजागिरी तुळजापूरकडे पायी जाणाऱ्यांची रीघ असते, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची. या दिवसांत भाडे चढते आणि खोलीचा दर्जा मात्र तोच राहतो. दिवाळीनंतरचा आठवडा त्या मानाने निवांत, आणि हवाही बरी.

दुसरी गोष्ट जागेची. तुळजापूर येथून सुमारे 45 किलोमीटर, अक्कलकोट 40, पंढरपूर 75 आणि विजापूर 100 च्या आसपास. म्हणजे चारी दिशांना सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखे हे ठाणे आहे. तेव्हा स्टेशन, एस. टी. स्टँड आणि सिद्धेश्वर तलाव या तिघांच्या मधली जागा धरावी. नव्या पेठेच्या बाजूला अशा खोल्या मिळतात. पहाटे उठून पायी निघालात की भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी, तलावातले सिद्धेश्वराचे देऊळ आणि चार हुतात्म्यांचे पुतळे हे सारे चहापूर्वी पाहून होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या चौकात मुलांना दोन मिनिटे उभे करा आणि चौघांची नावे मोठ्याने वाचून दाखवावयास सांगा. आडनावांवरूनच त्यांना पुष्कळ समजेल. गावाबाहेरच्या हमरस्त्यावरचे हॉटेल चकचकीत असते, पण तेथून गाव दिसत नाही. दिसतात ते ट्रक.

तिसरी गोष्ट इमारतीची. आमच्या भागात जुनी घरे धाब्याची. जाड भिंती, वर मातीचे माळवद. वैशाखात बाहेर पारा चाळिसाच्या वर जातो, पण आत दुपारी झोप लागते. आता अशा घरात उतरावयास मिळेलच असे नाही. पण तत्त्व ध्यानात ठेवावे. सर्वांत वरच्या मजल्याची, थेट स्लॅबखालची खोली उन्हाळ्यात घेऊ नये. समोरासमोर खिडकी-दार असेल ती घ्यावी. आणि 'जुन्या गावात राहिल्यासारखे वाटावे' म्हणून नुसत्या दर्शनी कमानीला भुलू नये. सिमेंटची कमान काढून तिला गेरूचा रंग दिला म्हणजे वाडा होत नाही. त्यापेक्षा साधीच खोली घ्या, पण मालक गावातला, चार पिढ्यांचा असू द्या. सोलापुरात असा माणूस गिऱ्हाइकाशी मराठीत, स्वयंपाक्याशी कन्नडमध्ये, विणकराशी तेलुगूत आणि टांगेवाल्याच्या नातवाशी उर्दूत बोलतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोठे चांगली मिळते, हे तोच सांगेल. जुने गाव भिंतींइतकेच अशा माणसांत राहते.

येथे थोडे आडवळण घेतो. खऱ्या जुन्या वास्तूतच राहावयास मिळाले तर काय हरकत आहे, असे कोणी विचारील. विजापूरच्या एका मशिदीत ब्रिटिश अमदानीत चक्क मुसाफिरी बंगला थाटला होता. लॉर्ड कर्झनने तो तेथून हलवावयास लावला. आपल्याकडे सप्टेंबर 2019 मध्ये काही किल्ले पर्यटनासाठी भाड्याने देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा केवढे काहूर उठले हे आपणांस आठवत असेल. माझे मत विचाराल तर असे आहे. ज्या वाड्यात माणसे राहतच होती, तेथे पाहुणे राहिले तर वाडा जगतो. पण जी जागा पूजेची, युद्धाची किंवा हौतात्म्याची, ती पाहावी, झाडावी, राखावी. तेथे गादी घालू नये.

चौथी गोष्ट व्यवहाराची. पैसे देण्याआधी खोली डोळ्यांनी पाहावी. नळ सोडून पाहावा, चादर उलटून पाहावी. दिवस चोवीस तासांचा धरतात की दुपारी बारापर्यंतचा, हे आधीच विचारावे. पुष्कळ भांडणे तेथेच होतात. दरपत्रक कोठे लावले आहे ते पाहावे आणि पावती मागून घ्यावी. मागावयास संकोच वाटतो खरा, विशेषतः आपण खेड्यातून आलेले असलो म्हणजे. पण पावती मागणे हा काही अविश्वास नव्हे. ओळखपत्राची मूळ प्रत सर्व मोठ्या माणसांनी जवळ ठेवावी.

पाचवी गोष्ट सर्वांत शेवटी सांगतो, पण ती मला पहिली वाटते. आणि ती पुस्तकातून शिकलेली नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बावीस विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी एका जुन्या शहरी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, लॉजचेही नाही. खोल्या आधी ठरविल्या होत्या. लाकडी जिना, नक्षीचे खांब, चौकात तुळस. मुले खूश झाली. व्यवस्थापकाने नावांची यादी मागितली. यादीवरून त्याचे बोट खाली सरकत गेले आणि एका नावाशी थांबले. तो मुलगा मुसलमान होता. व्यवस्थापक मला बाजूस घेऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, एक खाट कमी पडतेय. ह्या एकाची सोय दुसरीकडे करू या का?"

खरे सांगतो, श्रोतेहो, मी क्षणभर घुटमळलो. रात्रीचे नऊ वाजले होते, मुले दमली होती, आणि आगाऊ रक्कम भरलेली होती. तेवढ्यात त्या मुलानेच आपली पिशवी उचलली आणि म्हणाला, "सर, मी स्टँडवर झोपतो, माझं काही नाही." त्याच्या त्या 'माझं काही नाही'ने माझे डोळे उघडले. मी बावीस जणांना पिशव्या उचलावयास सांगितले. कारण सांगितले नाही. त्यांना ते कळले होते. जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी दोन वर्ग उघडून दिले. सतरंज्या कमी होत्या, डास पुष्कळ होते. तो मुलगा रांजणातले पाणी तांब्याने सर्वांना देत होता. मी मात्र बराच वेळ जागा होतो. जे घटनेचे पंधरावे कलम मी वर्गात शिकवीत होतो, ते त्या काउंटरपाशी मला वेळेवर आठवले नाही, एका मुलाने ते आठवून दिले. आणि तेही स्वतःचा हक्क सोडून देऊन.

तेव्हापासून मी खोली ठरविताना एक प्रश्न आवर्जून विचारतो. "आमच्यात सर्व जातींची, धर्मांची माणसे आहेत. चालेल ना?" बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस हसून म्हणतो, "हे काय विचारणं झालं, सर!" तेथे मी निर्धास्त उतरतो. जेथे उत्तर द्यावयास वेळ लागतो, तेथून निघतो. मग खांब कितीही नक्षीचे असोत.

गुरुजी, आपण जरूर या. खोली साधी पण हवेशीर घ्या, तलावापासून पायी अंतरावरची घ्या, आणि तीन रात्री तरी राहा. एका रात्रीत गाव कळत नाही.

आणि जे शिक्षक हे वाचीत असतील त्यांना एक विनंती. आपल्या गावात एखादी जुनी धर्मशाळा, चावडीची पडवी किंवा देवळाची ओवरी असेल. मुलांना घेऊन तेथे जा. किती खण आहेत ते मोजा, विहीर किती अंतरावर आहे ते पाहा, कोणी बांधली असा दगड आहे का ते शोधा. मग गावातल्या वृद्ध माणसांना विचारा, की येथे पूर्वी कोण उतरत असे आणि कोणाला उतरू देत नसत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहज मिळणार नाही. थोडा वेळ बसावे लागेल. पण मुलांनी ते लिहून आणले, तर तो आपल्या गावच्या इतिहासाचा एक खरा धडा होईल, आणि तो कोणत्याही छापील पुस्तकात नसेल.